काठोकाठ चार मापं

३ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार असशील, तर आधी चार ओळी वाच आणि मग खुशाल फाड. भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर फोन केला असता, आणि फोनवर माझा आवाज कसा चढतो ते तुला चांगलं माहीत आहे. कागदावर तेवढी सोय असते.

इकडे सगळं ठीक. बेकरीचं पुढचं दार निळं रंगवून घेतलं, रंगाऱ्याने सांगितलेली छटा आणि लावलेली छटा यांचा काही संबंध नाही, पण आता सवय झाली. आबा रोज सकाळी दुकानात येऊन बसतात, आल्यागेल्याशी गप्पा मारतात आणि बिस्किटांची बरणी हलकी करतात. भट्टीकाका आहेत तसेच आहेत. भट्टी तापेपर्यंत मौन, पहिला पाव बाहेर आला की मग तोंड उघडतं.

एक सहज विचारायचं होतं. आपली एक जुनी गिऱ्हाईक आहे, तिला घरी आल्याचा केक करून बघायचाय. तू लग्न होऊन जाताना दिलेला कृतीचा कागद माझ्याकडे आहेच. त्यावर तू लिहिलंयस, ‘पाक चार मापं, काठोकाठ.’ तर तिला दोन शंका आल्या. काठोकाठ म्हणजे अगदी कडेपर्यंत, की आई दूध मोजायची तसं बोटभर खाली? आणि मापाला आतून आधी तेल लावायचीस का? तू बोट फिरवायचीस असं मला अंधूक आठवतंय.

एवढंच. घाई काही नाही. पण लवकर कळवलंस तर बरं होईल.

तीन वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात पाकाचं विचारायचं, हे मलाही विचित्रच वाटतंय. त्या साठ केकच्या ऑर्डरीनंतर आपल्यात जे झालं, त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

तुझी ताई

ता. क. हे पत्र लिहिल्याचं आबांना सांगितलेलं नाही.


१० फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर पत्र फाडून त्याचे तुकडे परत पाठवले असते, तेव्हा तू बरीच सभ्य आहेस म्हणायची.

आता खरं सांगते. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कुणी नाही. शंका माझ्याच होत्या. आणि शंका तरी कसल्या, मला सगळं कळून चुकलं होतं, फक्त कुठूनतरी वाट मिळाली आणि माझा दोष थोडा कमी निघाला तर बघावं म्हणून मी खडा टाकून पाहत होते. तो प्रयत्न सोडला. आता सरळ लिहिते.

भट्टीकाकांची कंबर धरली म्हणून माल आत घ्यायला एक नवा हमाल बोलावला. चांगला धिप्पाड माणूस, दंड माझ्या मांडीएवढे. त्याने पाकाचे दोन डबे दोन हातांत उचलले आणि तिथेच खाली ठेवले. म्हणाला, “बाई, यावर पाच लिटर लिहिलंय. पाच किलो समजून हात घातला, तर खांदा निखळायची वेळ आली. दगड भरलेत काय आत?”

मी म्हटलं, “पाच लिटर म्हणजे पाचच किलो. डब्याचं वजन असेल थोडं. तुम्हीच जरा दमाने घ्या.”

माणसाला राग आला. त्याने डबा उचलून आपल्या काट्यावर ठेवला. सात किलो चारशे. मग डबा फिरवून खालच्या कडेला छापलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “वाचा.” निव्वळ वजन सात किलो शंभर ग्रॅम. पाच लिटर पाक, सात किलो शंभर. बारके, तो डबा मी तीन वर्षं रोज उघडतेय. आंघोळीच्या साबणावरचं लिहिलेलं वाचते मी, हे नाही वाचलं.

मैद्याच्या पोत्यावर बसले. हमाल घाबरला, पाणी आणून दिलं बिचाऱ्याने.

तुला आठवत असेल, तू गेल्यावर आठवड्याभरात मी तो नवा काटा आणला. आता मापं-बिपं बंद, सगळं ग्रॅममध्ये, असं मी फोनवर मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. तुझ्या कागदावर पीठ, लोणी, साखर वजनातच होती, प्रश्न फक्त पातळ जिन्नसांचा होता. मग मी काय केलं? आईचं ते ॲल्युमिनियमचं माप नळाखाली धरून भरलं, पाणी ताटलीत ओतलं, ताटली काट्यावर ठेवली. तीनशे ग्रॅम. झालं! एक माप म्हणजे तीनशे. दूध चार मापं, बाराशे. पाक चार मापं, तोही बाराशे. सुबक अक्षरात कार्ड लिहिलं, प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला ठोकलं आणि तुझा कागद डब्यात ठेवून दिला. पातळ ते पातळ, सगळं एकाच वजनाचं, असं माझं शास्त्र.

त्या दिवशी हमाल गेल्यावर काकांना पुढे दुकानात पाठवलं आणि माप शोधलं. माळ्यावर होतं, त्यात कुणीतरी खिळे ठेवले होते. घासलं. पाण्याने भरलं, तीनशे. पुसलं, पाकाने भरलं, काठोकाठ. चारशे सव्वीस. पुन्हा केलं. चारशे सव्वीस. चार मापांचे सतराशे चार ग्रॅम होतात आणि भिंतीवर लिहिलंय बाराशे. प्रत्येक घाण्याला अर्धा किलो पाक मी कमी घालत होते आणि त्याबद्दल शिव्या तुला देत होते.

शाळेच्या पन्नाशीची ती साठ केकची ऑर्डर आठवून आता अंगावर काटा येतो. माथ्यावर चिरा पडलेले, कोरडे ठक्क केक. मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, चहात बुडवला तरी ओला होत नाही हो. त्यांच्यासमोर मी हसले आणि त्या गेल्यावर तुला फोन केला. काय बोलले ते तुझ्या लक्षात असणारच, तरी लिहिते, म्हणजे माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे राहील. ‘जाता जाता मुद्दाम खोटा कागद देऊन गेलीस, मला एकटीला चालवता येऊ नये म्हणून.’ तू म्हणालीस, “ताई, मी जे करत होते तेच लिहिलंय.” मी म्हणाले, “मग केक का फाटला?” तू गप्प झालीस. ते गप्प होणं मी कबुली धरलं आणि फोन ठेवला.

खरी गोष्ट अशी, की तू गेलीस याचाच मला राग आला होता. आई गेल्यापासून आपण दोघींनी मिळून ते दुकान ओढलं, आणि तू एक दिवस हातातलं पीठ झटकून लग्न करून मोकळी झालीस. बहिणीने लग्न केलं म्हणून रागावणं बरं दिसत नाही. केक फाटल्यावर मला रागावायला रीतसर कारण मिळालं, आणि मिळालेलं कारण मी सोडते थोडीच.

तर हे लिहून देते. तुझा कागद बरोबर होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चूक माझी होती.

लाज वाटतेय, खूप वाटतेय. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही, त्या पोत्यावर बसल्याबसल्या लाजेच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवर तीन वर्षं काहीतरी बसलं होतं ते उठून गेलं. माझ्या बहिणीने मला फसवलेलं नाही! हमालासमोर मी मोठ्याने हसले, तो आणखीच घाबरला.

ताई


१५ फेब्रुवारी

बारके,

काल केक केला. तुझ्या कागदावरून, आईच्या मापाने.

मापाला आधी तेल न लावता एकदा पाक ओतून पाहिला, तर अठरा ग्रॅम मापाच्या अंगालाच चिकटून राहिला. तेलाचं बोट फिरवून ओतला तर दोनच ग्रॅम राहिला. तू बोट फिरवत होतीस ते मला उगाच आठवत नव्हतं. कागदावर तू ते लिहिलं नाहीस, कारण तेल लावायचं असतं हे कुणाला सांगावं लागेल असं तुला वाटलंच नसणार. माझ्यासारखी माणसं जगात असतात हे लक्षात ठेवत जा.

पीठ असं काही सैल आणि चकचकीत झालं की मी चमचा उचलून नुसती बघत उभी राहिले. भट्टीकाका साचे घ्यायला आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, “हे पीठ मी ओळखतो.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे काय? तीन वर्षं घट्ट पीठ साच्यात थापत होतो. आज ओततोय. पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, पीठ हाताला नेहमीचं लागत नाही.”

“मग मी काय म्हटलं?”

“तुम्ही म्हणालात, कागदच खोटा आहे, त्याला मी काय करू.” एवढं बोलून ते साचे घेऊन गेले. पुढे काय म्हणायचं होतं ते म्हणाले नाहीत, पण पाठीवरून कळत होतं.

केक भट्टीतून काढला तेव्हा वर एक चीर नाही. आतून गडद, ओलसर, आणि आल्याचा वास दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत ओढून आणेल असा. काकांनी दोन तुकडे खाल्ले. दोन! तो माणूस गोड खात नाही. मग हात पुसत म्हणाले, “धाकट्या बाईंना कळवलंत ना?”

मी म्हटलं, कळवलंय. आणि फार मोठं काम केल्यासारखी दुपारी मावशीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती तुझ्या घरी येऊनजाऊन असते, तेव्हा म्हटलं, विचारावं, बारकीचा राग कितपत आहे. मला वाटायचं तू तिकडे रोज काहीतरी भाजत असशील, शेजारपाजार तुझ्या केकवर खूश असेल आणि तू मनातल्या मनात मला हसत असशील. खरं तर असंच असावं असं वाटत होतं, म्हणजे माझं काम सोपं झालं असतं.

मावशी म्हणाली, “भाजतेय कसली? चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते ती. ओव्हन घेतलाय नवऱ्याने, त्यात ताटं ठेवते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मावशी, माझ्या हाताचा आता भरवसा नाही.”

बारके, हे काय केलंस तू? मी तुला खोटारडी म्हणाले तर तू उलट मला दहा शब्द सुनावायचे, माझं नाव टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी केक करून शेजाऱ्यांना वाटायचा. तू माझं खरं मानलंस! लहानपणापासून ताई म्हणेल ते प्रमाण. अगं, झोपायची वेळ झाली सांगितलं तेव्हा कधी ऐकलं नाहीस, पुस्तकात डोकं घाल म्हटलं तेव्हा ऐकलं नाहीस, आणि जिथे ऐकायचं नव्हतं नेमकं तिथे ऐकलंस.

कालपर्यंत मला वाटत होतं, मी माफी मागायची आणि तू द्यायची की नाही ते ठरवायचं, एवढाच आपला प्रश्न आहे. आता तसं राहिलं नाही. मला माफ नाही केलंस तरी चालेल. मनापासून सांगते, चालेल. पण तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. तो हात आईने घडवला आणि तो माझ्या हातापेक्षा नेहमीच वरचढ होता, हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, तेव्हा नीट वाच. तू चष्मे विकायचे तर हौसेने विक. भीतीने नको.

अजून एक राहिलंय. आबांना सांगायचंय. त्यांच्या कानात तुझ्याविरुद्ध भरवलं ते मीच. त्यांनी तुझं नाव घेणं बंद केलं ते माझ्या बोलण्यावरून. उद्या सांगते, उद्या सांगते करत पाच दिवस काढले. पन्नाशी जवळ आली तरी त्यांच्यासमोर उभी राहिले की मला शाळेतला पाढा आठवत नाही असं वाटतं.

ताई


२० फेब्रुवारी

बारके,

सांगितलं.

दुपारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसले होते. मी समोर तीन गोष्टी मांडल्या: तुझा कागद, माझं कार्ड आणि माप. एका दमात सगळं बोलले. मध्ये थांबले असते तर रडले असते आणि मग त्यांनी मला समजावलं असतं, ते मला नको होतं.

त्यांनी आधी तुझा कागद वाचला. मग कार्ड वाचलं. मग माप हातात घेऊन आतून बघितलं. मला म्हणाले, “पाण्याने भरून वजन केलंस?”

“हो.”

“आणि तेच वजन पाकाला लावलंस?”

“हो, आबा.”

“मी काय काम करत होतो आयुष्यभर?”

तुला ठाऊकच आहे. दवाखान्यात कंपाउंडर होते. चाळीस वर्षं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरत होते.

“पाण्याची बाटली आणि पाकातल्या औषधाची बाटली मी डोळे मिटून वेगळी करून द्यायचो,” ते म्हणाले. “नुसती हातात घेऊन. तेवढ्याच मापात साखर किती कोंबलेली असते! जड नाही होणार तर काय? एका शब्दाने विचारलं असतंस मला.”

मी मान खाली घालून उभी राहिले. म्हटलं, आता बरसणार. पण वर बघितलं तर त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि रडत होते. नुसतं डोळ्यांत पाणी नाही, खांदे हलत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले तर हात झटकून म्हणाले, “दुःख नाही गं मला. तुला नाही कळायचं. स्वतःची पोर घरात दगा करून गेली असं तीन वर्षं मनात घेऊन बसलो होतो मी. झोपताना तेच, उठताना तेच. सुटलो आज.”

मग थोडं सावरून म्हणाले, “आणि मी तरी कुठे कागद मागितला? तू सांगितलंस आणि मी मानलं. माझ्यासमोर कुणी चिठ्ठीशिवाय औषध मागितलं तर मी बाटलीला हात लावत नव्हतो. पोरीच्या बाबतीत चिठ्ठी बघितली नाही.”

त्यानंतर मला गाढव म्हणाले. दोनदा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण खरी शिक्षा दुसऱ्या दिवशी झाली. आबा दुकानात येऊन बसले आणि येईल त्या प्रत्येकाला सांगत सुटले. “तो आल्याचा केक आठवतो का कोरडा? त्यात धाकटीची काही चूक नव्हती. मोठीला पाक मोजता येत नाही.” एक माणूस नुसता पाव घ्यायला आला होता, या गल्लीत नवीन, त्याला ना धाकटी माहीत ना मोठी. त्यालाही धरून बसवलं आणि लिटर आणि किलो यातला फरक समजावला. त्याने जाताना माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी आत पळाले.

मुख्याध्यापिकाबाईंकडे मात्र मी स्वतः गेले. त्या आता निवृत्त झाल्यात, बागेत कुंड्यांना पाणी घालत होत्या. केक पुढे ठेवला, झालं ते सांगितलं, आणि म्हटलं, नंतर एकदा मी तुम्हाला म्हणाले होते की बहिणीने घोटाळा करून ठेवला, ते खोटं होतं. त्या म्हणाल्या, “अहो, मी तर कधीच विसरले.” मी म्हटलं, “मी विसरले नाही, म्हणून आले.” त्यांनी तिथेच उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, “ही तिची कृती?” मी म्हटलं, तिचीच. हा शब्द तोंडातून निघताना किती सोपा होता ते तुला सांगते. तीन वर्षांत एकदाही मी ते म्हणाले नव्हते, केक चांगला विकला गेला त्या दिवशीही नाही.

भिंतीवरचं कार्ड काढलं. खिळ्याचं भोक राहिलंय, बुजवून घेईन.

तुझं उत्तर आलं नाही. रोज टपालवाल्याकडे बघते. तो मला चुकवून पलीकडच्या बाजूने जायला लागलाय.

ताई


२ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. टपालवाल्याने ते लांबूनच हलवून दाखवलं.

मी दुकानातच उघडलं. एकदा वाचलं, मग आबांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग काकांनी ‘मला ऐकू नाही आलं’ म्हणून पुन्हा वाचायला लावलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तू लिहिलंयस ते आता मला तोंडपाठ आहे.

‘गिऱ्हाईक वगैरे काही नाही हे पहिल्याच पत्रात कळलं, तुला खोटं लिहिता येत नाही. मुद्दाम केलं नव्हतं हे मला माहीत होतं, ताई. पण लिहिताना चुकून काहीतरी राहिलं असेल असं मी धरून चालले होते. फोनवर गप्प बसले ती त्याचमुळे. मनात कागदावरच्या ओळी आठवून बघत होते, कुठली चुकली. तीन वर्षं बघतेय. चुकूनही काही चुकलं नव्हतं हे तुझ्या दुसऱ्या पत्रात वाचलं आणि काउंटरमागे खाली बसले. गिऱ्हाईक समोर चष्मा लावून उभं होतं, त्याला वाटलं चष्मा वाईट दिसतोय.’

इथे आबा हसले आणि मग नाक शिंकरायला आत गेले.

राग आहे असं लिहिलंयस, समोर बसून काढणार असंही लिहिलंयस. ये आणि काढ. मी तोंड उघडणार नाही. उघडलंच तर काका आहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ‘माप तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नुसता काटा आहे. एका केकला पाक किती ग्रॅम तेवढं लिही.’ बारके, ही ओळ वाचून मी काट्याला नमस्कार केला. तुला प्रश्न साधा वाटला असेल, पण चार दिवस आमच्या घरात दुसरं काही चाललेलं नाही.

चार मापांत आपले आठ केक होतात, तेव्हा एका केकला अर्धं माप. काठोकाठ मापाचे चारशे सव्वीस, म्हणजे अर्ध्याचे दोनशे तेरा. मी तीनदा मोजलं आणि २१३ लिहून पत्र बंद करायला घेतलं. आबा म्हणाले, थांब. ते त्यांच्या कपाटातून औषध मोजायचा काचेचा पेला घेऊन आले आणि चौथ्यांदा मोजलं, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. म्हणाले, “मापातून ओतताना तेल लावूनही थोडा पाक मापाला राहतोच. पातेल्यात पडायचा तो दोनशे बारा. ती पोर काट्यावर थेट पातेल्यात घेणार, तिचं काही चिकटून राहणार नाही. तिला दोनशे बारा लिही.” एका ग्रॅमवरून आम्ही दोन दिवस भांडलो. काकांनी शेवटी निवाडा केला, आबांचं बरोबर.

तेव्हा लिहून घे. पाक दोनशे बारा ग्रॅम. पातेलं काट्यावर ठेव, आकडा शून्यावर आण आणि डब्यातूनच सरळ ओत. डबा आधी कोमट पाण्यात उभा कर, म्हणजे धार धरता येईल. दूध अर्धं माप, एकशे चोपन्न ग्रॅम. दूध पाण्याहून जराच जड असतं, म्हणून तिथे माझी चूक कधी दिसली नाही. साच्याला लावायचं तेल उलट हलकं असतं, पण ते मोजू नकोस, बोटानेच लाव. बाकी सगळं तुझ्या कागदावर वजनात आहेच, त्याला आठाने भाग. कागदाची नक्कल सोबत ठेवतेय. मूळ कागद मी ठेवून घेते, तो आता भिंतीवर लावलाय.

रविवारी करशील असं वाटतं. नवऱ्याला त्या ओव्हनमधली ताटं आधी बाहेर काढायला सांग.

आणि ऐक. पीठ सैल वाटलं, घट्ट वाटलं, मध्येच भीती वाटली, तरी हात थांबवू नकोस. आकडे माझे आहेत, हात तुझा आहे. केक चांगला झाला तर तुझा. बिघडला, तर चूक माझी.

ताई